डायलिसिसच्या आधीचं बीपी, नंतरचं बीपी आणि मधला फरक

चांदणवेल (धागाकर्ती)

मंडळी, हा प्रश्न बीपीच्या जुन्या धाग्यावरच टाकणार होते. पण तिथे धडधाकट माणसांच्या १२०/८० वरून जुंपली आहे आणि आमचं दुखणं वेगळं आहे, म्हणून नवा धागा काढते.

बाबा बऱ्याच वर्षांपासून हिमोडायलिसिसवर (मशीनमधून रक्त शुद्ध करून परत देणं) आहेत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. मी एक वही ठेवली आहे. मशीनवर लावण्याआधीचं वजन आणि बीपी, उतरवल्यावरचं वजन आणि बीपी, एवढंच त्यात असतं. पूर्वी नेम ठरलेला होता: वरचं बीपी १५० घेऊन जायचे, १३५-१४० घेऊन परत यायचे. हल्ली उलटं झालंय. जाताना १३८-१४०, उतरताना १५५-१६०. घरात सगळे खूश, कारण "आधीचं" बीपी सुधारलं आणि "नंतर" ते पडत नाही, म्हणजे डायलिसिस मानवतंय! मला काही ते पटत नाही. सेंटरवर विचारलं तर "होतं असं कधीकधी" एवढंच उत्तर मिळालं.

मग शोधाशोध केली. अमेरिकेतल्या १,१३,२५५ हिमोडायलिसिस रुग्णांचा पाच वर्षांचा डेटा घेऊन केलेला अभ्यास २०१३ साली आला होता. त्यात डायलिसिसच्या आधीच्या आणि नंतरच्या बीपीतला फरक घेऊन तो मृत्यूदराशी ताडून पाहिला आहे. वरचं बीपी ० ते ३० अंकांनी उतरलं त्या गटात जगण्याचं प्रमाण चांगलं होतं आणि सगळ्यात चांगलं १४ अंकांच्या उतारापाशी. ३० पेक्षा जास्त पडलं तर मृत्यूदर जास्त. आणि शून्याच्या वर, म्हणजे बीपी जरा जरी वाढलं, तरीही जास्त. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा.

म्हणजे घरातले ज्याला चांगलं म्हणतायत तीच काळजीची बाजू आहे का? आणि हे १४ म्हणजे गाठायचं लक्ष्य आहे का? जाणकारांनी सांगा.

उनाडपक्षी

वाचतोय. सासरे याच गाडीत आहेत.

मशीनवाला

ताई, मी आयुष्यभर डायलिसिस टेक्निशियन म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. आलेखाचं काय ते आकडेवाले सांगतील, मी मशीनच्या बाजूने सांगतो.

मशीन पाणी काढतं ते फक्त रक्तवाहिन्यांमधून. पाय सुजवणारं, फुप्फुसात साठणारं पाणी त्याच्या हाताला थेट लागत नाही. रक्तातला द्रव भाग प्रौढ माणसात तीन लिटरच्या आसपास. आणि आपण चार तासांत तीन लिटर काढायला निघतो! हे जमतं कारण रक्तातून पाणी निघालं की आजूबाजूच्या पेशीजालातलं पाणी वाहिन्यांमध्ये झिरपत येतं. विहिरीतून उपसा आणि झरे यांचा जसा मेळ असतो तसंच. उपसा जास्त झाला की बीपी कोसळतं. मधुमेहाने नसा गेलेल्या, हृदय कमकुवत असलेल्या माणसात तर लवकरच, कारण वाहिन्या आखडून धरण्याची ताकदच कमी असते.

बीपी पडणार हे मशीनच्या पडद्याआधी माणसाच्या तोंडावर दिसतं. गप्पा मारणारा गप्प होतो, मग जांभया. लागोपाठ तीन-चार जांभया दिसल्या की मी बीपीचा पट्टा फुगवायचो. बहुतेकदा आकडा खालीच असायचा. पोटरीत गोळा येणं, मळमळ, घाम हे त्याच्यानंतरचं. मग पाय वर, पाणी काढणं बंद, सलाईन. आणि सलाईन दिलं की काढलेल्यातलं थोडं परत गेलंच.

उपशाच्या वेगाचा एक हिशोब ठेवा: किलोमागे ताशी १३ मिलिलिटर. त्याच्या वर वेग गेला की मृत्यूदर वाढलेला दिसतो, असं २०११ च्या एका अभ्यासात आलंय. ६० किलोच्या माणसाला तासाला ७८० मिली, चार तासांत ३ लिटर १२० मिली. त्याहून जास्त वजन घेऊन आला तर एकतर वेळ वाढवा, नाहीतर एक जादा फेरी लावा. प्रत्यक्षात काय होतं? पुढचा पेशंट बाहेर ताटकळत असतो, म्हणून वेग वाढवतात.

तुमच्या बाबांचं मात्र याच्या उलट चाललंय. दोन फेऱ्यांमध्ये वजन किती वाढतं? आणि ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते ठरवलेलं वजन, शेवटचं कधी बदललं?

आकडेमोड

१४ हे लक्ष्य नाही. हे आधी स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणीतरी सेंटरवर जाऊन "माझं १४ ने उतरवा" म्हणून बसेल.

हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. कुणाचं बीपी मुद्दाम १४ ने उतरवून, कुणाचं तसंच ठेवून तुलना केलेली नाही. ज्यांचं १४ ने उतरलं ती माणसं मुळातच बऱ्या प्रकृतीची असतील: हृदय ठीक, पाणी बेताचं, नसा शाबूत. उतार हे त्या प्रकृतीचं लक्षण असू शकतं. आकडेवारीत वय, मधुमेह वगैरेंचा हिशोब चुकता करतात, पण हृदयाची ताकद किती उरलीय ते सहसा त्या डेटात नसतंच.

डायलिसिसच्या क्षेत्रात हा गोंधळ जुना आहे. १९९८ साली आलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात आधीचं किंवा नंतरचं वरचं बीपी ११० च्या खाली असलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले, आणि नंतरचं १८० च्या वर असलेल्यांमध्येही. मधले बरेचसे उंच आकडे निरुपद्रवी वाटत होते. यावरून "डायलिसिसवाल्यांना बीपी जास्तच बरं" अशी समजूत पसरली. पण ४३२ रुग्णांचा १९९६ चा अभ्यास बघा. बीपी जास्त तसं हृदय जाड होणं जास्त, हृदय निकामी होणं जास्त. आणि हृदय एकदा थकलं की बीपी आपोआप खाली येतं, त्यानंतर मृत्यू. म्हणजे आकडा कमी दिसतो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

धागा दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांचा आहे म्हणून २००६ चा अभ्यासही सांगतो, जवळपास १७ हजार रुग्णांचा. सुरुवातीच्या दोन वर्षांत कमी बीपी, म्हणजे १२० च्या खाली, मृत्यूशी जोडलेलं होतं. पण जे तीन वर्षं किंवा जास्त टिकले त्यांच्यात १५० च्या वरचं बीपी मृत्यूशी जोडलेलं निघालं. माणूस तोच, आकडा तोच, पण कितव्या वर्षी मोजला यावर अर्थ उलटतो. त्यामुळे "बाबांना इतकी वर्षं १५० चालतंय" हा दिलासा मानू नका.

उंटावरचा_शहाणा

एवढं वाचून मला कळलं ते असं: कमी असेल तर मरतो, जास्त असेल तर मरतो, वाढलं तर मरतो, पडलं तर मरतो. मग बीपीच्या गोळ्या कशाला घ्यायच्या? बंद करा आणि मोकळे व्हा.

वृक्कवैद्य

शहाणे, गोळ्या कुणीही बंद करू नका. आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय तर नाहीच.

आकडेमोड यांनी निरीक्षणाच्या अभ्यासांची मर्यादा नीट सांगितली. तिच्यापलीकडे, कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले प्रयोगही आहेत. २००९ मध्ये असे ८ प्रयोग, मिळून १,६७९ डायलिसिस रुग्ण, एकत्र करून पाहिले. बीपी उतरवणारी औषधं मिळालेल्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना २९ टक्क्यांनी कमी, एकूण मृत्यू २० टक्क्यांनी कमी. संख्या लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

आता चांदणवेल यांचा मूळ प्रश्न. डायलिसिस चालू असताना बीपी वाढणं याला आम्ही वेगळा प्रकार मानतो. साधारणपणे मशीनवरून उतरताना वरचं बीपी आधीपेक्षा १० किंवा जास्त अंकांनी वाढलेलं असणं, आणि हे वारंवार होणं. २००९ च्या एका अभ्यासात दर १० अंकांच्या वाढीमागे दोन वर्षांतल्या मृत्यूचा धोका ६ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि तो मुख्यतः ज्यांचं आधीचं बीपी १२० च्या खाली होतं त्यांच्यात. तुमचे बाबा त्या गटात नाहीत, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा चिकटवू नका. तरी नेम बदललाय ही गोष्ट महत्त्वाची. तुमचं कान टवकारणं योग्यच आहे.

कारणं एकात एक गुंतलेली असतात. पाणी काढल्यावर चेतासंस्था आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर प्रतिक्रिया देतात, वाहिन्या आवळणारी द्रव्यं वाढतात. डायलिसिसच्या द्रावात (फिल्टरमध्ये रक्ताच्या पलीकडून वाहणाऱ्या) सोडियम रुग्णाच्या रक्तापेक्षा जास्त असेल तर पाणी निघत असताना मीठ आत जातं. काही औषधं मशीनमधून धुतली जातात: एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, लिसिनोप्रिल. सकाळी घेतलेली गोळी दुपारी फिल्टरमध्ये! कार्व्हेडिलॉल, अम्लोडिपिन तशी धुतली जात नाहीत. पण या सगळ्याच्या आधी पाहायचं ते एकच: अंगात पाणी जास्त आहे का?

मशीनवाला यांचा ड्राय वेटचा प्रश्न म्हणूनच नेमका आहे. मध्यंतरी बाबा आजारी होते का? जेवण कमी झालं होतं का?

चांदणवेल

@मशीनवाला, दोन फेऱ्यांमध्ये दोन-अडीच किलो वाढतं, ड्राय वेट ५८. ते कधी ठरवलं ते कुणालाच आठवत नाही, वहीच्या पहिल्या पानापासून ५८ च आहे.

@वृक्कवैद्य, हो! न्यूमोनिया झाला होता, दवाखान्यात राहावं लागलं. नंतर कितीतरी दिवस जेवण नावालाच. पण घरी आल्यावर वजन ५८ च भरलं, म्हणून आम्ही म्हटलं चला, वजन उतरलं नाही.

वृक्कवैद्य

तिथेच मेख असावी. आजारपणात मांस आणि चरबी उतरते. डायलिसिसच्या रुग्णात ती जागा पाणी घेतं, कारण मशीनला सांगितलेलं असतं "५८ वर आण". काट्यावर ५८, पण त्यात माणूस समजा ५६ आणि पाणी दोन. पायाला सूज दिसेलच असं नाही. दंड, मांड्या, गालफडं बघा. कपडे, अंगठी, घड्याळाचा पट्टा सैल झालाय का? उताणं झोपल्यावर धाप लागते का? उशा वाढल्यात का?

हा माझा अंदाज आहे, निदान नाही. पण "आजारपणानंतर ड्राय वेट पुन्हा ठरवायचं का?" हा प्रश्न पुढच्या फेरीला वही दाखवून थेट डॉक्टरांना विचारा, ड्यूटीवरच्या माणसाला नको.

आणि वजन उतरवायचं ठरलं तर धीर धरा. १५० रुग्णांच्या एका प्रयोगात फक्त ड्राय वेट हळूहळू कमी केलं, ८ आठवड्यांत साधारण १ किलो. औषधं न वाढवता, दोन फेऱ्यांमधल्या ४४ तासांच्या मोजणीत वरचं बीपी तुलनेच्या गटापेक्षा ६-७ अंकांनी उतरलं. पाणी आधी उतरतं, बीपी मागून येतं, कधी काही आठवड्यांनी तर कधी महिन्यांनी. मधल्या काळात दोन-चार फेऱ्यांत गोळे आले म्हणून लगेच वजन परत चढवलं, की सगळं मुसळ केरात.

दीर्घपल्ला

मी स्वतः रुग्ण, डायलिसिसवर दशक उलटून गेलं. तुमच्या आलेखाच्या दुसऱ्या टोकाचा रहिवासी, म्हणजे माझं पडायचं.

डॉक्टरमंडळी "हायपोटेन्शनचा एपिसोड" म्हणतात आणि पुढे जातात. आमच्यासाठी तो अख्खा दिवस गेलेला असतो. आवाज लांबून यायला लागतात, पोटरीतला गोळा सोडवायला कुणीतरी पाय दाबत असतं, आणि घरी आल्यावर भिंत धरून चालायचं. संध्याकाळी कुणी फोन केला तर काय बोललो ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. पूर्वी मला वाटायचं हा फक्त त्रास आहे, सोसला की झालं. पण डायलिसिस चालू असताना हृदयाची सोनोग्राफी करून पाहिलेले अभ्यास आहेत. बीपी पडतं, पाणी वेगाने निघतं, तेव्हा हृदयाच्या भिंतीचे काही भाग तेवढ्यापुरते आखडेनासे होतात. पुन्हा पुन्हा झालं की ते भाग कायमचे मंदावतात. २०१५ च्या एका विश्लेषणात, फेरीत वरचं बीपी कुठेतरी ९० च्या खाली जाणं याचाच मृत्यूशी सगळ्यात पक्का संबंध निघाला. मुळात १६० च्या वर असणाऱ्यांसाठी ती रेघ १०० ची. म्हणून फक्त आधी-नंतर न लिहिता मधला सगळ्यात खालचा आकडाही लिहा. आधी १५०, नंतर १३८, दिसायला झकास. मधे ८४ होतं ते कुणी सांगत नाही.

माझं सुधारलं ते दोन गोष्टींनी. पहिली, वेळ. चाराचे पाच तास करून घेतले, भांडून. फ्रान्समधल्या तासँ गावचं सेंटर याबाबतीत प्रसिद्ध आहे: आठ तासांचं संथ डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, आणि मीठ कमी. त्यांच्या बहुतेक रुग्णांचं बीपी गोळ्यांशिवाय ताब्यात असायचं आणि जगण्याचे आकडे हेवा वाटावा असे होते. आठ तास कुणाला परवडणार हे मला माहीत आहे. पण पाऊण तास वाढला तरी फरक जाणवतो.

दुसरी, मीठ. लोक पाणी मोजत बसतात. "कमी प्या, कमी प्या." तहान मिठाने लागते हो! मीठ तसंच ठेवून पाणी तोडणं म्हणजे छळ. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत आणलं की घोट आपोआप कमी होतात.

उनाडपक्षी

मशीनच्या द्रावाचं तापमान कमी ठेवलं की बीपी पडत नाही असं ऐकलंय. मग सगळीकडे तेच का करत नाहीत?

मशीनवाला

करायचो आम्ही. ३७ चं ३६ किंवा ३५.५. गार रक्ताने वाहिन्या आखडतात, बीपी तगतं, हे डोळ्यांनी पाहिलंय. फक्त पेशंट कुडकुडतो आणि दोन पांघरुणं मागतो.

आकडेमोड

पाहिलंय ते खरं, पण पुढची गोष्टही आहे. कॅनडात ओंटारिओमधल्या ८४ सेंटरांवर मोठा प्रयोग झाला, १५ हजारांहून जास्त रुग्ण, २०२२ साली छापून आला. निम्म्या सेंटरांवर प्रत्येकाच्या अंगाच्या तापमानापेक्षा जरा कमी, निम्म्यांवर नेहमीचं ३६.५. हृदयविकाराने मृत्यू किंवा त्यासाठी भरती होण्यात फरक पडला नाही. थंडी मात्र जास्त वाजली. वारंवार बीपी पडणाऱ्या एखाद्याला उपाय म्हणून ठीक, सरसकट नको.

म्हणूनच मी आकडा सुधारणं आणि आयुष्य वाढणं यांना वेगवेगळं मोजा म्हणतो.

उंटावरचा_शहाणा

बरं बाबा, गोळ्या चालू ठेवतो. (मी डायलिसिसवर नाही, साधाच बीपीवाला आहे, पण धागा वाचून घाबरलो.) एक खरा प्रश्न: सेंटरवरचं बीपी खरं धरायचं की घरचं?

वृक्कवैद्य

घरचं, निर्विवाद. सेंटरवर माणूस धापा टाकत येतो, सुईची धास्ती असते, पट्टा घाईत बांधला जातो. मशीन नसलेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून घेतलेलं मोजमाप पुढचा धोका जास्त चांगला सांगतं. एका अभ्यासात घरचं वरचं बीपी १२० ते १३० असलेल्यांचं भवितव्य सगळ्यात चांगलं होतं. पुन्हा तेच, निरीक्षणाचा अभ्यास, लक्ष्य तुमचे डॉक्टर ठरवतील.

आठवड्यातल्या लांब सुट्टीचे आकडे विशेष जपा. तीन फेऱ्या म्हटलं की एकदा दोन दिवसांचा खंड पडतोच. २०११ मध्ये ३२,०६५ रुग्णांवरून दाखवलं गेलं की त्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूदर शंभर रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे शंभर रुग्ण वर्षभर पाहिले तर) २२.१ असतो, इतर दिवशी १८.०. पाणी, पोटॅशियम, बीपी सगळं त्याच दिवशी टोकाला असतं.

चांदणवेल

अपडेट देते. वही घेऊन डॉक्टरांना भेटले. त्यांनी बाबांच्या मांडीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "हे ५८ आता यांचं नाही." छातीची सोनोग्राफी केली, फुप्फुसात पाणी दिसलं. पायावर सूज औषधालाही नव्हती. दर फेरीला पाव-अर्धा किलो करत ५६ च्या आसपास आणायचं ठरलंय, आणि पहिल्या काही फेऱ्यांना अर्धा तास जास्त. सकाळची बीपीची गोळी मशीनच्या दिवशी उतरल्यावर घ्यायला सांगितली आहे.

आत्ता ५६.८ ला आहोत. उतरतानाचं बीपी १४५-१५०, म्हणजे मशीनवर लावण्याआधीच्या बीपीपेक्षा अजून वरच, पण अंतर कमी झालंय. एकदा गोळा आला आणि आईने लगेच "वजन परत वाढवा" सुरू केलं. तिला हा धागा वाचून दाखवला.

एक विचारायचं राहिलं. उतरल्यावरचं बीपी नक्की कधी घ्यायचं? सुया काढल्या काढल्या घेतलेलं आणि पंधरा मिनिटांनी घेतलेलं यात कधीकधी २० चा फरक येतो.

मशीनवाला

रक्त परत दिलं, सुया निघाल्या, रक्त थांबलं, मग पाच-दहा मिनिटं बसू द्या आणि घ्या. रोज तीच वेळ, तोच हात, म्हणजे कालच्या आकड्याशी तुलना करता येते. फिस्टुलाच्या हाताला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर-धमनी जोडलेला हात) पट्टा कधीच नको, कितीही घाई असो.

त्यानंतर उभं करून एकदा घ्या. शेजारी कुणीतरी हवंच. बसून १४५ आणि उभं राहिल्यावर ११५ असेल, डोळ्यापुढे अंधारी येत असेल, तर पुढचा पाव किलो उतरवायच्या आधी हे डॉक्टरांना कळायला हवं. वहीत त्यासाठी एक रकाना वाढवा, आणि दीर्घपल्ला म्हणाले तसा मधल्या नीचांकाचाही. तो मशीनच्या चार्टवर असतो, मागितला की देतात.

दीर्घपल्ला

देत नसतील तर चार्टचा फोटो काढा. मी तेच करतो.